वॉल्ट्झमधली आत्याची दुसरी मात्रा

अन्याय झाला तो माझ्या आत्यावर. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली, डाव्या अंगठ्याच्या मुळाशी सूज असलेली, वाजवायला बसली की चष्मा कपाळावर चढवणारी माझी आत्या. केव्हा? यंदाच्या पोंगलच्या आदल्या रविवारी, दुपारच्या जेवणाच्या जरा आधी. कुठे? तंजावुरात, एका दंतवैद्याच्या दवाखान्याच्या माडीवर, जिथे गावातले हौशी पियानोवाले महिन्यातून एकदा जमतात. आणि कुणी केला म्हणाल, तर शिकल्यासवरल्या, सभ्य, रांगेत कधी मध्ये न घुसणाऱ्या माणसांनी. एकानेही आवाज चढवला नाही. सगळं हसतखेळत झालं. म्हणूनच ते मला अजून गिळता येत नाही.

हे मी मराठीत लिहिते आहे, कारण बैठकीतल्या कुणालाही मराठी वाचता येत नाही. आत्यालाही देवनागरी अडखळतच येते. घरात आम्ही दोघी मराठी बोलतो, भांडतो मात्र तमिळमध्ये. तमिळमध्ये मी एक पत्रक लिहिलं होतं. ते तिने वाटू दिलं नाही. ते का, तेही सांगते.

तंजावुरात पियानो कुठून आला, हे विचारू नका, सगळे विचारतात. वीणा आणि मृदंगाच्या गावात पियानो वाजवणं म्हणजे इडलीच्या दुकानात पाव मागण्यासारखं आहे, हे आम्हालाही ठाऊक आहे. त्या दंतवैद्य डॉक्टरांच्या वडिलांनी एक बंद पडत चाललेला क्लब उठला तेव्हा तिथला उभा पियानो घेतला होता. आमच्या इकडच्या दमट हवेत पट्ट्या फुगून चिकटतात, म्हणून डॉक्टर त्याच्या पोटात एक छोटा दिवा सतत जळता ठेवतात. गावात असे वाजवणारे आठ-दहा जण निघतात. कुणाकडे जुनं वाद्य, कुणाकडे विजेवरचं; आत्याचंही विजेवरचंच. बँकेतले एक अधिकारी आहेत, कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या एक बाई आहेत, एक-दोन चर्चमध्ये वाजवणारे आहेत. आत्या त्यांत वयाने मोठी. सगळे तिला मामी म्हणतात. मी स्वतः दोन वॉल्ट्झ कसेबसे ओढते. बैठकीतलं माझं खरं काम आत्याला स्कूटरवरून नेणं आणि आणणं.

आम्ही फक्त वॉल्ट्झ वाजवतो, म्हणजे युरोपातल्या जोडीने गिरक्या घेत नाचायच्या नाचाच्या धुना. डॉक्टरांचा नियम. लहान असतात, हौशी माणसाच्या आवाक्यातले असतात, आणि तीन मात्रा कुणालाही मोजता येतात. डाव्या हाताने पहिल्या मात्रेला खाली एकटा सूर, मग उडी मारून वर दोन कॉर्ड, म्हणजे तीन-चार सूर एकदम, दुसऱ्या आणि तिसऱ्या मात्रेला. उजवा हात वरती काय गायचं ते गातो. महिन्याला एकच वॉल्ट्झ ठरतो. सगळ्यांनी तोच घरी बसवायचा, फोनवर रेकॉर्ड करायचा, आणि बैठकीत सगळ्यांनी मिळून सगळ्यांचा ऐकायचा.

पूर्वी नाव सांगून ऐकायचे. मग एकदा कॉलेजच्या बाई बँकवाल्यांना म्हणाल्या, "तुमचा पेडल म्हणजे सांबारात बुडालेला वडा. सुरांना आकारच उरत नाही." खोली हसली. बँकवाले घरी गेले आणि पुढची दिवाळी येऊन गेली तरी त्यांच्याशी बोलले नाहीत. तेव्हा डॉक्टरांनी नंबर पद्धत काढली. रेकॉर्डिंग दवाखान्याच्या फोनवर पाठवायचं. खाली बसणारी रिसेप्शनिस्ट नाव काढून नुसता नंबर घालणार. डॉक्टरांनाही माहीत नसणार कोण कोणतं. आणि प्रत्येकाने प्रत्येक नंबरावर बोलायचंच. स्वतःच्या नंबरावरसुद्धा. कारण जो गप्प बसेल तो ओळखू येईल.

सगळ्यांना ही पद्धत भारी वाटली. खरं सांगायचं तर मलाही वाटली. आम्ही, म्हणजे माझा चळवळीतला गट, लाउडस्पीकर लावून कालव्यातल्या कचऱ्याविरुद्ध पत्रकं वाटतो, तेव्हा खाली एकट्यादुकट्याचं नाव घालत नाही. नाव नसलं की माणूस खरं बोलतो असं आम्ही समजतो. नगरपालिकेच्या बाबतीत ते खरं आहे. माणसाच्या बाबतीत नाही. हे मला कळलं, पण फार महागात.

आता आत्याचं वाजवणं. ती शिकली तिरुचीला. आजोबांनी तिला तिथल्या कॉन्व्हेंटच्या हॉस्टेलात ठेवलं होतं, आणि पोन्मलैच्या रेल्वे कॉलनीतून एक अँग्लो-इंडियन बाई पियानो शिकवायला यायच्या. त्या बाई शनिवारी रेल्वेच्या हॉलमध्ये नाचासाठी वाजवत. पानं उलटायला म्हणून त्यांनी आत्याला काही वेळा नेलं. वेण्या घातलेली, परकर-पोलक्यातली आत्या पियानोशेजारी स्टुलावर बसून झगे फिरताना बघायची. बाई वाजवता वाजवता तिला सांगायच्या, "पहिल्या मात्रेला पाय उचलतात, पोरी. तो पाय टेकू दे. मग दुसरी मात्रा दे. तू घाई केलीस तर ती बिचारी झग्यात पाय अडकून पडेल."

म्हणून आत्याचा वॉल्ट्झ असा. पहिला सूर खाली पडतो, मग किंचित थांबतो, इतका किंचित की तुमचा श्वास तिथे अडकावा, आणि मग दुसरी मात्रा. लहानपणापासून मी असाच ऐकला. वॉल्ट्झ असाच असतो असं मला वाटायचं.

आत्या सोडली तर बैठकीतल्या कुणीही आयुष्यात कधी वॉल्ट्झ नाचलेला पाहिलेला नाही. मीही नाही. आमच्या लेखी ते पाय नसलेलं संगीत आहे. आम्ही मांडी घालून बसतो आणि मांडीवर ताल धरतो. तीन मात्रा दिसल्या की या गावातला हात आपोआप रूपक ताल देतो, तुमचा सात मात्रांचा नव्हे, आमचा कर्नाटकी, तिनाचा. थाप, थाप, आणि तळवा उलटा. लहानपणी कुणी गाणं शिकलेलं, कुणी वीणा, कुणी नुसतं मार्गळी महिन्यात, डिसेंबरच्या थंडीत, कचेऱ्या म्हणजे गाण्याच्या मैफली ऐकत वाढलेलं. या गावात सूर हलला तर लोक मान वळवतात. लय हलली तर उठून जातात. त्यामुळे बैठकीत आत्याच्या वॉल्ट्झला, नाव सांगून ऐकायचे तेव्हा, सगळे एकच म्हणायचे. "छान, मामी." आणि मांडीवरचा हात हळूच थांबवायचे. तो हात आत्याला दिसायचा.

गेल्या पावसाळ्यात तिचा अंगठा सुजला. डॉक्टरांनी, म्हणजे हाडाच्या, दातांच्या नव्हे, सांगितलं की सांधा झिजला आहे, वय आहे, शेक घ्या. डाव्या हाताची ती उडी मारताना करंगळी खालचा सूर घेते आणि कॉर्डमध्ये अंगठा लागतो. अंगठा दुखला की कॉर्ड उशिरा येतो. दुसरी मात्रा उशिरा येते.

म्हणजे जिथे आत्या मुद्दाम थांबायची, नेमक्या तिथेच आता अंगठाही थांबवू लागला.

"काय गे, नीट ऐक आणि सांग," एका दुपारी ती मला म्हणाली. ए मायनर या पट्टीतला एक छोटा, उदास वॉल्ट्झ त्या महिन्याला ठरला होता. "हा उशीर मी करतें आहे की माझा अंगठा करतो आहे?"

मी ऐकलं. "मला दोन्ही सारखंच वाटतंय."

"तुला काय कळतंय. तुला लाउडस्पीकर कळतो."

"मग तूच सांग की. तूच वाजवतेस."

"तेच तर कळेना." ती अंगठा दुसऱ्या हाताच्या मुठीत धरून बसली. "इतकी वर्षं झालीं. आता आंतून कळत नाही. बाहेरून कुणी सांगायला हवं." मग शाळेत धडा संपवताना बोलायची त्या आवाजात म्हणाली, "अंगठ्याचं असेल तर मी थांबतें. जी चूक सुधारणार नाही ती रोज ऐकत बसायला मी काय वेडी आहे? माझं असेल तर कुणी काही म्हणो, वाजवीन."

"बैठकीत विचार."

"मामी म्हणून मला सगळे छानच म्हणणार. मागे कधी दुसरं म्हणालेत?" आणि मग ती हसली. "पण आता नंबर आहे की. नंबराला कोण भितो?"

एवढंच तिला हवं होतं. शाबासकी नको होती. तिला आपल्या हाताबद्दलचा एक खरा निकाल हवा होता, आणि तो देणारे कान फक्त त्या माडीवर आहेत असं तिला वाटत होतं.

आम्ही रेकॉर्ड केलं. जुन्या अ‍ॅटलासांच्या चळतीवर मी फोन उभा केला. एकदा इडियाप्पम विकणारा ओरडत गेला, एकदा शेजारच्यांनी पंप सुरू केला, एकदा तिचीच करंगळी घसरली आणि तिने तमिळमध्ये असा शब्द वापरला की मला तो पुसूनच टाकावा लागला. शेवटी एक चांगलं आलं. तिने ते दोनदा ऐकलं, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि म्हणाली, "पाठव."

तो रविवार आला. बाहेर पोंगलची खरेदी, उसाच्या मोळ्या सायकलींवर, रस्ताभर हळदीच्या रोपांचे गड्डे. माडीवर पंखा, पियानोच्या पोटातला दिवा, आणि खालून येणारा लवंगेच्या तेलाचा वास. डॉक्टरांनी स्पीकर लावला. बैठकीतलं बोलणं तमिळ आणि इंग्रजीत चालतं. मी इथे मराठी करून लिहिते.

पहिले दोन-तीन नंबर बरे गेले. मग तिचा आला. पहिला सूर पडला. माडीवरचे सगळे हात मांड्यांवर पडले. थाप. दुसरी थाप पडली आणि आत्याचा कॉर्ड त्यानंतर आला. पुन्हा थाप, पुन्हा कॉर्ड मागून. हात एकत्र आणि वॉल्ट्झ त्यांच्यामागून, लंगडत आल्यासारखा. कुणीतरी फिसकन हसलं. बँकवाल्यांनी मुद्दाम जोरात थाप मारायला सुरुवात केली, रस्ता दाखवावा तशी. सगळ्यांनी तशीच मारली. आता वॉल्ट्झ ऐकूच येईना. फक्त तळवे. मामींचा हात कुणालाच ओळखू आला नाही; नाव सांगून ऐकायचे तेव्हाही, छान म्हणण्याआधी, तो कुणी नीट ऐकला नव्हता.

"अय्यो, कुणीतरी मेट्रोनोम आणा," बँकवाले म्हणाले. "बिचाऱ्याला घरी घड्याळ नसेल."

"डावा हात शिकलेलाच नाही," कॉलेजच्या बाई म्हणाल्या. "नवखं कुणीतरी आहे. बसमध्ये बसून वाजवल्यासारखं."

"टाउन बस!" डॉक्टर म्हणाले. "प्रत्येक स्टॉपला थांबते."

आणि आत्या म्हणाली, "थांबते ते ठीक. कंडक्टर झोपलाय, तो शिट्टीच देईना."

माडी फुटली. त्या रविवारचा सगळ्यात मोठा हशा आत्याच्या वाक्याला मिळाला. डॉक्टरांनी डोळे पुसत स्पीकरचं बटण दाबलं. "पुरे, पुढचा नंबर."

वॉल्ट्झ अर्ध्यातच थांबला. पुढचा भाग, जिथे सूर उजळतो आणि उजवा हात वर चढत जातो, तो कुणी ऐकलाच नाही.

मी तोंड उघडलं होतं. आत्याचा हात माझ्या मनगटावर आला. शाळेत मागच्या बाकावरच्या पोराला गप्प करताना धरतात तसा. तिच्या सुजलेल्या अंगठ्यात केवढा जोर होता ते मला त्या दिवशी कळलं. मग पद्धतीप्रमाणे डॉक्टरांनी विचारलं, कुणाला आपलं नाव सांगायचंय का. कुणी सांगितलं नाही. आम्ही हरभऱ्याचं सुंडल खाल्लं, कॉफी प्यायलो, पोंगलच्या शुभेच्छा दिल्या आणि निघालो.

स्कूटरवर ती मागे बसली. देवळाच्या कोपऱ्यावर गाड्या अडल्या तेव्हा मी मान वळवून म्हटलं, "तू कशाला बोललीस ते?"

"बोलायला लागतं की. नियमच आहे."

"नियम गेला खड्ड्यात. तू स्वतःला..."

"गप्प बैस. सिग्नल सुटला."

घरी आल्यावर तिने साडी बदलली, रस्सम गरम केलं, पानं वाढली. जेवताना म्हणाली, "मिळालं की उत्तर. अंगठ्याचंच आहे."

"ते उत्तर नव्हतं आत्या! त्यांनी ऐकलंच नाही!"

"नंबराला कोण भितो," ती म्हणाली. "निर्भय होते सगळे. मीही."

त्या रात्री मी पत्रक लिहिलं. राग आला की मला पत्रकच सुचतं, दुसरं काही येत नाही. ‘हौशी पियानोवादकांनो!’ अशी सुरुवात केली होती. सकाळी तिला वाचून दाखवलं. तिने हातात घेतलं, लाल पेन शोधला, तमिळमधल्या शुद्धलेखनाच्या माझ्या चुका दुरुस्त केल्या, एका वाक्याखाली रेघ मारून "हे चांगलं" असं लिहिलं. आणि मग चार घड्या करून ब्लाउजमध्ये खोचलं.

"वाटूं नको गे. माझी शपथ आहे."

"का?"

"वाटलंस तर त्यांना कळेल माझं होतं म्हणून. कळलं की छान म्हणतील. मग काय उरलं?"

मी शपथ पाळली. पुढच्या महिन्याच्या बैठकीला ती गेली नाही. मीही गेले नाही. पण ती माणसं बावळट नाहीत; मामी नाहीत आणि तो थांबत जाणारा नंबरही नाही, हे त्यांनी आपलं आपण जुळवलं.

दुसऱ्याच संध्याकाळी डॉक्टर आमच्या दारात. हातात अशोका हलव्याचा डबा, गरम, तूप कागदातून बाहेर आलेलं. चप्पल काढून त्यांनी ती भिंतीशी नीट लावून ठेवली. माणूस वाईट नाही. मला तो वाईट हवा होता. वाईट असता तर सोपं झालं असतं.

"मामी," ते उभ्याउभ्याच म्हणाले, "आधी सांगायचं ना!"

"काय सांगायचं, डॉक्टर?"

"तुमचं आहे म्हणून. आम्ही असं बोललो असतो का?"

"काय बोलला असता?"

ते बसले. घाम पुसला. "खरं सांगू? परत ऐकलं मी काल. फार भावपूर्ण आहे. त्या थांबण्यात एक वेगळीच... मी म्हणजे भारावून गेलो."

आत्याने डबा उघडला, एक चमचा हलवा बशीत काढून त्यांच्यापुढे ठेवला. "रेकॉर्डिंग तेच आहे का, डॉक्टर?"

"हो, तेच की."

"मग त्या दिवशी टाउन बस आणि आज भावपूर्ण. मधे काय बदललं? माझं नाव लागलं. तेवढंच."

डॉक्टरांनी हलवा खाल्ला नाही. मी त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेले. ते म्हणाले, "मी मनापासून माफी मागायला आलो होतो, मुली." आणि मला तिथे जिन्यात उमगलं. ते मामींना म्हटल्याची माफी मागत होते. मुळात तसं म्हटल्याची नाही. उद्या खरोखरच एखाद्या नवख्या पोराचं रेकॉर्डिंग आलं, तर टाउन बस पुन्हा सुटणार. मी हे त्यांना बोलून दाखवलं. जरा मोठ्यानेच. शेजारच्यांनी दार उघडून बघितलं.

"मग मी काय करू?" त्यांनी खरंच विचारलं.

"तिच्या शेजारी येऊन बसा. ती वाजवेल. शेवटपर्यंत ऐका. आणि तिच्या तोंडावर सांगा, हात चालतो की नाही. एकेकाने या. सगळ्यांना सांगा."

"सांगतो," ते म्हणाले.

त्यांनी सांगितलंही असेल. मी आठवडाभर दर संध्याकाळी कॉफीचं दूध जास्त घेत होते. कुणी आलं नाही. फोनवरच्या ग्रुपवर फुलं आली, हात जोडलेली चित्रं आली. ‘मामी, तुम्ही आमचा अभिमान आहात.’ कॉलेजच्या बाईंनी लिहिलं, ‘तुमचा वॉल्ट्झ म्हणजे एक युग.’ त्यांना भीती वाटत होती, हे मला आता कळतं. नाव लपवून आम्ही वाटेल ते बोलू शकतो आणि समोर बसून काहीच नाही. मधलं काही आम्हाला कुणी शिकवलेलंच नाही.

मग त्यांनी सत्कार ठरवला. ज्येष्ठ पियानोवादक म्हणून. पोन्नाडै घालणार होते, ती जरीची शाल, जी आमच्याकडे मंत्र्यापासून बस डेपोच्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांच्या खांद्यावर पडते. आत्याने कळवलं, बरं नाही. शाल प्लॅस्टिकच्या पिशवीतून घरी आली.

ती वाजवत नव्हती. दुपारी घर इतकं शांत असायचं की शेजारच्यांचा पंप सुरू झाला तर बरं वाटायचं. मी म्हणायचे, वाजव की, कोण ऐकतंय. ती म्हणायची, "मी ऐकतें." एकदा मी चिडून म्हटलं, "त्यांचं खरंही असेल समज. अंगठाच असेल. म्हणून काय झालं?" तिने भाजी चिरता चिरता मान हलवली. "असेल की. पण असं कुणी म्हणालंच नाही. कुणी म्हणालं असतं, मामी, उडी जड झालीये, तर मी रडले असतें एक दिवस, आणि पुढच्या दिवशी उडी नसलेलं काहीतरी शोधलं असतं. आता मला कुणी काही म्हटलं तरी खरं वाटणार नाही. बरं म्हटलं तरी नाही, वाईट म्हटलं तरी नाही." मग हळूच म्हणाली, "कान गेले गे माझे. अंगठा नाही."

भात निघून गेला, शेतांत उडीद हिरवा झाला, तेव्हा तिने सांगितलं की वाद्य पापनाशमला देऊन टाकायचं. माझी चुलत बहीण तिथे असते. तिच्या नवऱ्याचं खतांचं दुकान आहे. तिला लग्नाआधी आत्यानेच शिकवलं होतं, आणि पुन्हा सुरू करायचं म्हणून ती कधीची मागे लागली होती. मी भांडले. दोन दिवस भांडले. मग लोड ऑटो मीच बोलावली. वाद्याच्या कडा घासू नयेत म्हणून आत्याने आतून आणली ती जरीची शाल, आणि त्यात ते गुंडाळलं. "कामाला आली," म्हणाली.

मी ऑटोत वाद्य धरून मागे बसले, ती ड्रायव्हरशेजारी. कालव्याच्या कडेने, नारळांच्या सावलीतून. एकदाही तिने मागे वळून पाहिलं नाही.

पापनाशमला जेवणं झाली. बहिणीने वाद्य दुकानामागच्या खोलीत लावलं, युरियाच्या वासात. स्टुलावर बसली आणि आठवून आठवून तोच ए मायनरचा वॉल्ट्झ वाजवू लागली. आत्यानेच तिला शिकवला होता. डावा हात फार घाईत होता. पहिला सूर पडायच्या आत दुसरी मात्रा हजर. पायाला टेकायला कुठेच जागा नव्हती. मलासुद्धा कळत होतं, लाउडस्पीकरच कळणाऱ्या मला. मी आत्याकडे पाहिलं. तिची मान हलली, बोलायच्या आधी हलायची तशी, ओठ उघडले.

बहीण संपवून वळली. "कसं झालं आत्या?"

"छान," आत्या म्हणाली.

बहीण तिच्याकडे बघतच राहिली. "असं काय, आत्या? तुम्ही मला जन्मात कधी छान म्हटलेलं नाही."

"छान झालं की. म्हणून म्हटलं."

"चुकलं असेल तर सांगा की. बोटावर पट्टी मारायच्या तुम्ही."

"परवाइल्ल, असू दे," आत्या उठली. "आमची बस चुकेल."

बस चुकणार नव्हती. त्या रस्त्यावर सारख्या बसेस असतात. बहीण वाद्यापुढे तशीच बसून राहिली, हात मांडीवर, आणि तिच्या चेहऱ्यावर मला तेच दिसलं जे मी डॉक्टर येऊन गेले त्या संध्याकाळी आत्याच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं. आपल्याला कुणी खरं सांगणार नाही, हे कळल्यावर दिसतं ते. माझ्या आत्याने, जिने शेकडो पोरांना नद्यांची नावं उलटसुलट घोकवली, जिने एका चुकीलाही कधी सूट दिली नाही, तिने शिकवणंच सोडून दिलं होतं. आणि तिच्यापाशी होता तो उशीर, पोन्मलैच्या हॉलमधून आलेला, तो आता कुणाच्या हातात जाणार नाही. माझ्या तर नाहीच. मी बसून शिकले असते तर, असं रोज वाटतं. ती म्हणते, आता वाद्य कुठाय.

म्हणून तुम्हाला सांगते, वाचणाऱ्या तुम्हाला. तुमच्याही कुठल्या भजनी मंडळात, नाटकाच्या ग्रुपात, कवितेच्या वर्तुळात कुणीतरी विचारलं असेल, कसं झालं. तुम्ही पाठीमागे हसला असाल, किंवा तोंडावर छान म्हणून सुटला असाल. तो माणूस कोण, हे तुम्हाला आत्ता, हे वाचताना, आठवलंय. उठा. त्याच्या घरी जा. शाल नेऊ नका, हलवा नेऊ नका. शेजारी बसा, पुन्हा करून दाखवायला सांगा, मांडीवरचा हात स्थिर ठेवून शेवटपर्यंत ऐका, आणि जे ऐकलंत ते त्याच्या डोळ्यांत बघून, स्वतःच्या नावानिशी सांगा.